तीन नंबरची उजवी टाकी

दुबईच्या पूर्वेला, फुजैरा बंदरासमोरच्या समुद्रात जहाजे इंधन घेण्यासाठी थांबतात. देणारे जहाज आणि घेणारे जहाज एकमेकांना लागून उभी राहतात, आणि किती तेल दिले याबाबत दोघांचा एकमेकांवर विश्वास नसतो. म्हणून एक तिऱ्हाईत माणूस बोलावतात. सव्वीस वर्षे तो तिऱ्हाईत माणूस मी होतो. पितळी वजन लावलेली टेप नळीतून टाकीच्या तळापर्यंत सोडायची, वर ओढायची, तेल कुठवर लागले आहे ते पाहायचे, आकडा लिहायचा आणि सही करायची. कप्तान चिडला म्हणून आकडा बदलत नाही. त्याने कॉफी पाजली म्हणूनही बदलत नाही. एवढेच ते काम.

हे आधी सांगितले, कारण पुढचे सारे एका इटालियन विदूषकाविषयी आहे आणि त्याची माझी ओळख या कामातच झाली. तो स्वतः मला कधी भेटला नाही.

एका इटालियन टँकरवर मोजणी संपवून मी मुख्य इंजिनिअरच्या खोलीत कागद भरत बसलो होतो. इंजिनिअर साठीकडे झुकलेला, पांढऱ्या मिशांचा, अंगाने भरलेला माणूस होता. तो एकाएकी माझ्यासमोर उभा राहिला आणि बोलू लागला. इंग्रजी बोलत असावा असे वाटले. आवाज चढत होता, हात हलत होते. मध्येच तो माझ्या कागदाकडे बोट दाखवी, मध्येच छातीवर हात ठेवून मान हलवी. मला एक शब्द कळेना. उच्चार परका असेल असे धरून मी लक्षपूर्वक ऐकले. मापाबद्दल त्याची काही तक्रार आहे, एवढा बोध मला झाला. तो थांबल्यावर मी म्हणालो, "चीफ, हे सगळे लेखी द्या. मी अहवालाला जोडतो."

तो खुर्चीत कोसळला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

तो काहीही बोलला नव्हता. त्याच्या बोलण्यात इंग्रजीचा एकही शब्द नव्हता. नुसता इंग्रजीचा चढउतार होता. ही विद्या त्याने वडिलांकडून उचलली होती. वडील कारखान्यात कामगार होते. त्यांच्या देशातला एक नाटककार नट कधीकधी कारखान्याच्या शेडमध्ये येई आणि कामगारांसमोर एकटा खेळ करी. तो साहेब होई, पाद्री होई, वकील होई, आणि प्रत्येकाच्या तोंडी ही निरर्थक बोली घाली. शब्द एकही खरा नसे, तरी कोण बोलतो आहे आणि काय लपवतो आहे ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळे. बोली त्याने निर्माण केलेली नव्हती. जुन्या काळी गावोगाव हिंडणारे सोंगाडे ती वापरत. परक्या मुलखात भाषा येत नसे म्हणून, आणि आपल्या मुलखात बोललेला शब्द अंगाशी येई म्हणून.

"आणि तुम्ही म्हणालात, लेखी द्या," इंजिनिअर डोळे पुसत म्हणाला. "माझे वडील असते तर त्यांनी तुमचा मुका घेतला असता."

मी कागद त्याच्यापुढे सरकवले. त्याने सही केली.

त्यानंतर त्या नटाविषयी इंग्रजीत जे मिळेल ते मी वाचत गेलो. पंधरा-सोळा वर्षे वाचत होतो. त्याने सरकारची, धर्मपीठाची, पोलिसांची, न्यायासनाची टिंगल केली आणि तिची किंमत मोजली. त्याच्या बायकोने बहुधा त्याहून जास्त मोजली. ती नटी होती. तो रंगमंचावर सुचेल ते बोले. रोजचा प्रयोग वेगळा होई. त्यातले काय ठेवायचे, काय टाकायचे, हे ती ठरवी आणि लिहून काढी. छापलेल्या पुस्तकांवर तिच्या हाताच्या खुणा किती आहेत, हे अभ्यासक आता सांगतात. उतारवयात जगाने त्याचा मोठा सन्मान केला. त्या वेळी, विदूषकाला हे कशासाठी, असे म्हणून पुष्कळ विद्वानांनी नाके मुरडली. पुढे त्याची नजर अधू झाली. तरी तो रंगमंचावर उभा राहत असे.

त्याचे राजकारण मला मानवले नाही. माझी प्रकृती सही करणाऱ्या माणसाची आहे. मला त्याची शिस्त पटली. वरवर जो मनाला येईल तसा बडबडतो आहे असे दिसते, त्याचा श्वास कुठे तुटतो, हशा कुठे ओसरतो, हे त्याने मोजून ठेवलेले असे. आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. तो पुष्कळदा संवादांऐवजी चित्रे काढी, आणि ती चित्रे पाहून बोले.

मी स्वतः मराठी मंडळाच्या नाटकांत कामे करीत आलो आहे. या देशात ज्याला ज्याला कोरे कपडे आणि मोठा आवाज आहे, त्याला मंडळ वर्षातून एकदा रंगमंचावर चढवते. मला बहुधा न्यायाधीश किंवा मुलीचा बाप करीत. एकदा मुलाच्या ओळखीने दुबईतल्या अल क्वोजमधल्या कामगारांच्या वसाहतीत, जेवणाच्या शेडमध्ये, मी त्या इटालियनाचा मार्ग वापरून पाहिला. डोक्यावर मुकादमाची टोपी घातली आणि पाच मिनिटे निरर्थक बोलीत हजेरी घेतली. समोर सहा-सात भाषांची माणसे होती. सगळी एकाच ठिकाणी हसली. कोपऱ्यात खरा मुकादम उभा होता, तो सर्वांत शेवटी हसला. घरी परतताना मी मुलाला म्हणालो, "ठीक झाले." याहून जास्त मी म्हणालो नाही, पण त्या दिवसाइतके चांगले काम मी पुढे कधी केले नाही.

त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. आता मूळ विषयाकडे येतो.

मागच्या वर्षीच्या नाटकात मी ओळ विसरलो. मी न्यायाधीश होतो आणि निकाल सांगायचा होता. तोंड उघडले आणि आत काही नव्हते. समोरच्या बाईंनी प्रसंग सावरला: "न्यायमूर्तींनाही दुःख झालेलं दिसतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला अभिनयाचे बक्षीस मिळाले. ते मी कपाटाच्या वरच्या खणात मागे सारून ठेवले.

त्यानंतर लहानसहान गोष्टी घडत गेल्या. टेपच्या टोकाच्या पितळी वजनाला काय म्हणतात ते एका संध्याकाळी मला आठवेना. सव्वीस वर्षे ते वजन माझ्या हातात होते. मग एके दिवशी बंदराकडे जायला निघालो आणि दुसऱ्याच गावी, खोर फक्कानला, पोहोचलो. कंटेनर उचलणाऱ्या याऱ्या समोर दिसल्या तेव्हा कळले. घरी येऊन सांगितले की समुद्र पाहायला गेलो होतो.

"समुद्र आपल्या खिडकीतून दिसतो," बायको म्हणाली.

"तिकडचा वेगळा आहे."

"अहो, डॉक्टरांना दाखवू या का?"

"कशासाठी?"

ती खिडकी लावायला उठली. ती पुण्याची आहे. जे बोलायचे नाही, ते न बोलणेही ती फार स्पष्टपणे करते.

यंदा मंडळाचा कार्यवाह घरी आला. चाळिशीचा, एका लॉजिस्टिक्स कंपनीत मॅनेजर, बोलतो भरभर आणि उठतो त्याहून भरभर. "काका, या वर्षी तुमचा सोलो ठेवू या. दहा मिनिटं. फुल ऑडियन्स तुमच्यासाठी येतं."

नाटक नको, ओळी नकोत, समोर कुणी नको. मला ते एकदम बरे वाटले. मी म्हणालो, "निरर्थक बोलीत भाषण करीन. एक पाहुणा नव्या टर्मिनलचे उद्घाटन करायला आला आहे. दहा मिनिटे बोलतो आणि काहीही बोलत नाही."

"जिबरिश? सुपर! बसवून टाका, काका. यल्ला, लागा कामाला."

खरे कारण मी त्याला सांगितले नाही. जिथे ओळीच नाहीत तिथे विसरण्यासारखे काही नाही, हा माझा हिशेब होता. जन्मभर लोकांची मापे तपासली, त्यात इतका उथळ हिशेब कुणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी तो परत केला असता.

आठ दिवसांनी कार्यवाहाचा फोन आला. कार्यक्रम दुबईतल्या एका शाळेच्या सभागृहात होता, आणि सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंचा नियम होता की रंगमंचावर बोलला जाणारा प्रत्येक शब्द आधी लेखी द्यायचा, शेजारी इंग्रजी अर्थासह. परवानगीच्या अर्जाला तो मजकूर जोडावा लागतो.

"त्याला अर्थ नाही," मी म्हणालो.

"मी तेच सांगितलं, काका. त्या म्हणाल्या, अर्थ नाही तर मग हे दहा मिनिटं कशाला बोलणार आहेत?"

प्रश्न बिनतोड होता. मंडळाच्या पाहुण्यांना तो कुणी आजवर विचारला नव्हता, इतकेच.

"आणि काका, एक अजून. जे सबमिट करू, तेच बोलायचं. वर्ड टू वर्ड. स्टेजवर काही चेंज नको."

त्या इटालियन इंजिनिअरला मी एकदा म्हणालो होतो, लेखी द्या. आता मी बसलो आणि लेखी दिले. दहा मिनिटांचे निरर्थक भाषण अक्षर न अक्षर लिहून काढले. शेजारच्या रकान्यात अर्थ लिहिला: आज आपणा सर्वांमध्ये उपस्थित राहताना मला अतीव आनंद होत आहे; हे यश सर्वांच्या सहकार्याचे आहे; भविष्यकाळ उज्ज्वल आहे. असे दहा मिनिटे पुरेल इतके लिहिले. मला कष्ट पडले नाहीत.

कागद गेले आणि कार्यवाह पुन्हा फोनवर. "काका, बाई म्हणाल्या व्हेरी गुड स्पीच. आमच्या चीफ गेस्टनी विचारलंय, इंग्लिश कॉलम मिळेल का."

"द्या," मी म्हणालो.

दुसरी अडचण मला स्वतःला सुचली. निरर्थक बोलीतला एखादा आवाज कुणाच्या भाषेत खरा शब्द निघाला तर? भारतात ही शंका मला आली नसती. इथे ती घ्यावीच लागते. मी कागद घेऊन खाली चहाच्या दुकानात गेलो. दुकानदार केरळचा. त्याने ऐकले आणि म्हणाला, "पट्टी? साब, पट्टी मतलब कुत्ता. मेहमान को कुत्ता बोलेगा?" ते खोडले. इमारतीबाहेर एक पठाण ड्रायव्हर गाडी पुसत होता. 'मोरलांगा' ऐकून तो ताठ झाला. "मोर माँ होता है साब. माँ को बीच में मत लाओ." तेही खोडले. दवाखान्यातली फिलिपिनो परिचारिका 'उलान' ऐकून खिडकीबाहेर बघू लागली. तिच्याकडे उलान म्हणजे पाऊस. ते तेवढे मी राहू दिले. फुजैरात पावसाचा शब्द कुणाला लागणार नव्हता. तीन दिवसांत सतरा आवाज बदलावे लागले. या देशात निरर्थक असे काही बोलताच येत नाही. कुणाची ना कुणाची आई त्या शब्दाला ओ देते.

दुरुस्त प्रत पाठवली. ती मंजूर झाली. मग पाठ करायला बसलो, तेव्हा माझी चूक मला पूर्ण दिसली.

अर्थ असलेली ओळ विसरली तर अर्थाचा हात धरून तिच्याजवळ जाता येते. 'ग्रुंबेती लसोपा रिंतुल' या ओळीला हात नसतो. विसरणे टाळण्यासाठी मी जो मार्ग धरला, त्याच्या शेवटी माझ्या हातात अशी दहा पाने आली होती जी धडधाकट माणसालाही पाठ झाली नसती. मी आठवडाभर घोकले. सकाळी येई, दुपारी जाई.

शेवटी त्या इटालियनाची चित्रे आठवली. माणसे मला काढता येत नाहीत. मला जे काढता येते ते मी काढले: टँकरचा आडवा छेद. पाच जोड्या, दहा टाक्या. जहाजावर त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणतात; मी डावी आणि उजवी म्हटले, म्हणजे बायकोला पाठ घेणे सोपे जावे. प्रत्येक टाकीत एक पान. एक डावी, एक उजवी, दोन डावी, दोन उजवी. रंगमंचावर मी मनातल्या मनात डेकवर चालणार, झाकण उघडणार, टेप सोडणार आणि तळाशी जे असेल ते वर ओढणार. सव्वीस वर्षे पाय त्या क्रमाने चालले होते. पाय अजून विसरले नव्हते.

बायको रोज जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसे. जन्मात तिने इतके गंभीरपणे कुणाचे काही ऐकले नसेल.

"'लसोपा' नाही. 'लसोपी'."

"काय फरक पडतो?"

"मंजूर झालंय ते 'लसोपी' आहे."

एके दिवशी तिने कागद खाली ठेवला. "आपण ठरवू या. एक टाकी जरी पूर्ण सुटली, तरी तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं. मी सांगेन तेव्हा. आणि नाही सुटली, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

"कोण ठरवणार सुटली की नाही?"

"मी. विंगेत कागद घेऊन बसणार आहे."

मी हो म्हणालो. तिऱ्हाईत माणूस नेमणे ही पद्धत मला मान्य आहे. शिवाय सभागृहात चारशे माणसे असली तरी सुटलेले कुणालाही कळणार नव्हते. तिच्याशिवाय.

कार्यक्रम शनिवारी सकाळी अकराला होता. आम्ही डोंगरातून दुबईला गेलो. मुलगा, सून, नात पहिल्या रांगेत होती. नात चौदा वर्षांची आहे, इथेच जन्मली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. आमचे ठीक चालते. व्यवस्थापक बाई दाराशी मंजूर प्रत घेऊन बसल्या होत्या. बायको डाव्या विंगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, चष्मा लावून.

मी कोट घातला होता आणि छातीवर पाहुण्यांचे मोठे कागदी फूल. माइकसमोर उभा राहिलो. माइक एकदा ठोकला. लोक तेवढ्यावरच हसले. पहिल्या टाकीचे झाकण उघडले.

एक डावी नीट आली. एक उजवी आली. दोन डावीत पाहुणा स्वतःच्याच विनोदावर थांबतो, तिथे हशा जिथे मोजला होता तिथेच मिळाला. दोन उजवी. तीन डावी. पहिल्या रांगेत बसलेले खरे प्रमुख पाहुणे मान डोलवत होते. त्यांना कुठेतरी ओळखीचे वाटत असावे.

तीन उजवी. झाकण उघडले, टेप सोडली. ती खाली गेली आणि जातच राहिली. तळ लागला नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बायको म्हणते, चार सेकंद. पाहुण्याचा हात वर होता, तो वरच राहिला. मी तोंड उघडले, आणि त्या पाहुण्याच्याच रुबाबदार चालीत, शेवटच्या शब्दावर जोर देत, माझ्या तोंडून बाहेर पडले:

"आये, माका फुडचा कायच आठवणा नाय. खय गेला ता?"

सभागृह फुटले. मालवणी कानावर पडली की मराठी प्रेक्षक हसतो. त्याला तशी सवय लावलेली आहे. इतक्या वेळ निरर्थक ऐकल्यावर ती आल्याने तर लोक खुर्चीवरून पुढे झाले. शिट्ट्या वाजल्या. तेवढ्या वेळात माझे पाय पुढे चालत गेले होते. चार डावी. झाकण उघडले, आणि ती भरलेली होती. तिथून शेवटपर्यंत एक अक्षर चुकले नाही.

ती बोली मी पन्नास वर्षे चारचौघांत बोललो नव्हतो. मुंबईला कॉलेजात गेलो त्या वर्षी सोडली. आईशी मात्र तीत बोलत असे, तीही आता नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशी कार्यवाह धावत आला. "काका, किल्लर! ते मालवणी घुसवलंत ना, काय टायमिंग! स्क्रिप्टमध्ये नव्हतं पण?"

"नव्हते."

"बाईंना कळलंच नाही. त्या म्हणाल्या, वर्ड टू वर्ड केलं, थँक यू. खलास!"

एक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "न आठवण्याचा काय अभिनय केलात हो!" मी हात सोडवून घेतला.

नात आली. तिने मला मिठी मारली. असे ती सहसा करत नाही. "आजोबा, दॅट बिट वॉज सो फनी. द वन व्हेअर यू लुक्ड अप. व्हॉट डिड इट मीन?"

"काही नाही," मी म्हणालो. "त्याला अर्थ नव्हता."

ती गेल्यावर मला जाणवले की मी खोटा आकडा दिला होता.

बायको कागद पर्समध्ये घालून माझ्यामागे उभी होती. तिने सर्वांशी बोलून घेतले, सुनेला डबा परत केला, आणि आम्ही निघालो. वाळवंटाचा सपाट भाग संपला. डोंगर सुरू झाले. तपकिरी, कोरडे डोंगर. मी कितीतरी वर्षे ते पाहतो आहे आणि मला त्यांच्याविषयी कधी काही सुचलेले नाही. मी थकलो होतो. कोटाची बटणे काढण्याचेही जिवावर आले होते.

मी तिच्या निकालाची वाट पाहत होतो. काय उत्तर द्यायचे ते मी ठरवूनही ठेवले होते: लोकांना आवडले, म्हणजे ते सुटले असे म्हणता येणार नाही; त्या जागी दुसरे काहीतरी होते; टाकी रिकामी नव्हती. असे वाद मी कप्तानांचे पुष्कळ ऐकले आहेत.

ती म्हणाली, "छान झालं. सगळं झालं."

मी रस्त्याकडे पाहत होतो.

"एकही सुटलं नाही," ती म्हणाली. "मी विषय काढणार नाही आता."

मी तिच्याकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती. तिचे हात पर्सवर होते आणि तिने पर्स घट्ट धरली होती. ही बाई सहा महिने डॉक्टरांचे नाव काढत होती. तिने स्वतः अट घातली, स्वतः विंगेत बसली, स्वतः ऐकले. मग मला कळले की तिने फक्त सुटलेले ऐकले नव्हते. मी आईला हाक मारली, तेही तिने ऐकले होते. माझी बोली तिने आमच्या लग्नानंतर गावी एकदा-दोनदा ऐकली होती. लोक हसत होते तेव्हा चारशे माणसांत ती एकटी हसली नव्हती. तिला आता डॉक्टर नको होते. डॉक्टर काय म्हणतील ते तिला नको होते.

मला हवे होते ते माझ्यापुढे ठेवलेले होते. सही तेवढी करायची होती.

वाटेत पेट्रोल पंपाजवळ करक चहाची, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाची, टपरी आहे. तिथे मी गाडी थांबवली. चहावाल्याने दोन कागदी पेले खिडकीतून दिले.

"कागद दे," मी म्हणालो.

"कोणते?"

"भाषणाचे."

तिने पर्स उघडायला वेळ लावला. मी सहावे पान काढले. वर माझ्याच हातची टाकी काढलेली होती, खाली ओळी. समासात तिने पेन्सिलीने काही लिहून मग खोडले होते, रबराने, पुष्कळ घासून. कागद तिथे पातळ झाला होता. तरी उजेडात धरल्यावर वाचता आले. 'पूर्ण सुटले,' असे तिने लिहिले होते. ते तिने त्याच वेळी, विंगेतच लिहिले असणार. रबर नंतर फिरला.

खिशातले पेन काढून मी तिच्या खोडलेल्या शब्दांवर तेच शब्द शाईने लिहिले. खाली सही केली. तारीख टाकायला गेलो आणि थांबलो.

"आज किती तारीख?" मी विचारले.

तिने सांगितली. मी लिहिली.

"बुधवारी सकाळची वेळ घे," मी म्हणालो. "गाडी तू चालव."

ती म्हणाली, "अहो, चहा गार होतोय." मी पान घडी करून तिच्याकडे दिले आणि पेला घेतला. चहा अजून गरम होता.